दाखला आणि किल्ली

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज आपण ‘कायमचा निर्णय झाला’ एवढ्याच अर्थाने वापरतो. मराठेशाहीच्या दप्तरांत मात्र त्यास अगदी नेमका अर्थ होता. राजपत्राच्या माथ्यावर उठवीत ती मुद्रा म्हणजे शिक्का. आणि मजकूर जेथे संपला तेथेच, लगोलग खाली, उठवीत ती लहान मुद्रा म्हणजे मोर्तब. शिक्क्यावरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे मजकूर कोठे संपला हे ठरे आणि त्यापुढे कोणास एक ओळही घुसडता येत नसे. पत्र खरोखर ज्याचे म्हणविले जाते त्याचेच आहे काय, आणि वाटेत त्यात कोणी फेरफार केलेला नाही ना, हे लेखी व्यवहारातील दोन जुने प्रश्न होत. कागदाची जागा संगणकाने घेतली तरी ते प्रश्न सुटले नाहीत. त्यांची उत्तरे देण्याची रीत तेवढी बदलली. त्या नव्या रीतीची, आणि विशेषतः डिजिटल प्रमाणपत्र एका रूपातून दुसऱ्या रूपात कसे नेतात याची, ओळख आम्ही या लेखात करून देणार आहोत.

विषय रुक्ष वाटेल. पण तो आपल्या घरापासून दूर नाही. सौंसर आणि पांढुर्णा हा आपला मराठी मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्याकडील शेतकरी खसऱ्याची नक्कल काढतो, तर सीमेपलीकडे सावनेर, काटोल, नरखेड येथील त्याचे सोयरे सातबारा काढतात. मध्य प्रदेशात २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा झाला आणि तहसिलींच्या ठिकाणी लोकसेवा केंद्रे उघडली. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले तेथून डिजिटल स्वाक्षरीने मिळू लागले. महाराष्ट्राने २०१८ साली डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास आरंभ केला. विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, वसतिगृहातील प्रवेश, शेतकऱ्याचे कर्ज, ही सर्व आता अशा न दिसणाऱ्या शिक्क्यावर अवलंबून आहेत. म्हणून तो शिक्का कसा उठतो हे प्रथम पाहू.

डिजिटल स्वाक्षरी म्हणजे कागदावरील सहीचे छायाचित्र नव्हे. छायाचित्र कोणीही उचलून कोठेही चिकटवील. खरी डिजिटल स्वाक्षरी गणिताने होते. प्रथम संपूर्ण मजकुराचा एक संक्षिप्त ठसा काढतात. ‘शा-२५६’ या प्रचलित पद्धतीने काढलेला ठसा लिहून दाखविला तर तो ६४ अंकाक्षरांचा होतो. मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, ठशाची लांबी तीच. मजकुरातील एक पूर्णविराम जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. हा ठसा मग स्वाक्षरी करणाराच्या ‘गुप्त किल्ली’ने बांधला जातो. त्या किल्लीची एक जोडीदारीण असते, तिला आपण ‘जाहीर किल्ली’ म्हणू. गुप्त किल्लीने केलेली स्वाक्षरी जाहीर किल्लीने पडताळता येते, परंतु जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. ही अद्‌भुत कल्पना डिफी आणि हेल्मन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७६ साली जगापुढे मांडली. पुढील वर्षी रिव्हेस्ट, शामीर आणि एडलमन या त्रयीने ती अमलात आणण्याचा मार्ग दाखविला. त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘आर. एस. ए.’ हे नाव पडले.

आता एक शंका उरते. ‘ही जाहीर किल्ली अमक्याची’ असे कोणी सांगितले तरी ते खरे कशावरून? १९७८ साली लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेला सादर केलेल्या प्रबंधात तोड सुचविली, ती म्हणजे प्रमाणपत्र. एखाद्या विश्वासू अधिकाऱ्याने ‘ही किल्ली या व्यक्तीची आहे’ असे लिहावे आणि त्यावर स्वतःची डिजिटल स्वाक्षरी करावी, एवढेच त्याचे सार. त्या प्रमाणपत्रात कोणकोणत्या गोष्टी कोणत्या क्रमाने असाव्यात, याचा ‘एक्स. ५०९’ हा जागतिक नमुना १९८८ साली ठरला. मालकाचे नाव, देणाराचे नाव, अनुक्रमांक, मुदतीचा आरंभ आणि शेवट, जाहीर किल्ली आणि शेवटी देणाराची स्वाक्षरी, असा त्याचा साचा आहे. गुप्त किल्ली त्या साच्यात नाही, ही गोष्ट वाचकांनी मनात पक्की धरून ठेवावी. पुढील सारे विवेचन याच गोष्टीभोवती फिरणार आहे.

देणाऱ्या अधिकाऱ्यावर तरी विश्वास का ठेवावा? त्याच्याहून वरच्याने त्याला प्रमाणपत्र दिलेले असते म्हणून. अशी साखळी वर वर जात एका मूळ अधिकाऱ्यापाशी थांबते. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि त्याच्या पाचव्या कलमाने डिजिटल स्वाक्षरीस हाताच्या सहीइतकी मान्यता मिळाली. त्याच कायद्याने एका नियंत्रकाची नेमणूक झाली. त्याच्या हाती देशाची मूळ किल्ली असून तो परवानाधारक संस्थांना प्रमाणित करतो, आणि त्या संस्था तहसीलदार, सनदी लेखापाल, व्यापारी आदींना प्रमाणपत्रे देतात. त्यामुळे सौंसरच्या खसऱ्यावरील स्वाक्षरी नागपुरास आणि काटोलच्या सातबाऱ्यावरील स्वाक्षरी भोपाळास एकाच मुळावरून पडताळता येते. राज्यांच्या सीमा तिच्या आड येत नाहीत.

येथवर प्रमाणपत्राचा आशय पाहिला. आता त्याचे बाह्य रूप. ज्या घरांत जुने कागद जपलेले आहेत तेथे मोडी लिपीतील खत-पत्रे सापडतात. मोडीचा कागद बालबोधीत उतरविला म्हणजे अक्षरांचे वळण बदलते. खरेदी देणारा, खरेदी घेणारा, शेताची चतुःसीमा यांत काही फरक पडत नाही. प्रमाणपत्राच्या रूपांतराचे मर्म हेच आहे. लिपी बदलते, लेख बदलत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत, त्यामुळे त्या लिप्यंतरात थोडा तर्क करावा लागतो. प्रमाणपत्राच्या लिप्यंतरात मात्र तर्कास जागाच नाही. गेल्या वाटेने परत यावे तर मूळचा एकेक अंक जसाचा तसा हाती लागतो.

पहिले रूप ‘डी. ई. आर.’ हे होय. ही संगणकाची निजभाषा. यात केवळ अंकांच्या राशी असतात. साध्या लेखन-पटलावर ती फाइल उघडली तर चित्रविचित्र चिन्हांवाचून काही दिसत नाही. दुसरे रूप ‘पी. ई. एम.’ हे. सुरक्षित टपालाची एक योजना १९८७ ते १९९३ या काळात आखली गेली होती. ती योजना रुजली नाही, परंतु तिच्यासाठी केलेली लेखनपद्धती मागे राहिली आणि जगभर पसरली. त्या काळची टपालयंत्रणा साधी इंग्रजी अक्षरेच नीट वाहून नेई, म्हणून अंकांच्या राशी अक्षरांत लिहिण्याची युक्ती काढण्यात आली. इंग्रजीतील २६ मोठी अक्षरे, २६ लहान अक्षरे, १० अंक आणि दोन चिन्हे मिळून ६४ खुणा होतात. संगणकाचे तीन बाइट म्हणजे २४ बिट. त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडावयाचे आणि प्रत्येक गटास एक खूण द्यावयाची. सहा बिटांनी ६४ संख्याच दाखविता येतात, म्हणून हिशेब बरोबर जुळतो. तीन बाइटांची चार अक्षरे झाल्यामुळे फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. १००० बाइटांचे प्रमाणपत्र १३३६ अक्षरांचे होते. त्याच्या वर ‘बिगिन सर्टिफिकेट’ आणि खाली ‘एंड सर्टिफिकेट’ अशी ओळ असते. जणू जुन्या पत्राचा शिक्का आणि मोर्तबच. ही बहुतेक प्रमाणपत्रे ‘एम, आय, आय’ या तीन अक्षरांनी सुरू होतात, हे चौकस विद्यार्थ्याने पाहून ठेवावे. सगळ्यांच्या आरंभी साच्याचे तेच बाइट येतात, म्हणून अक्षरेही तीच येतात.

तिसरे रूप ‘पी. के. सी. एस. ७’ हे. यात एकाहून अधिक प्रमाणपत्रे, म्हणजे सगळी साखळी, एकत्र बांधता येते. पण गुप्त किल्ली नसते. चौथे रूप ‘पी. के. सी. एस. १२’ हे असून त्याच्या फाइलीच्या नावापुढे ‘पी. एफ. एक्स.’ किंवा ‘पी. १२’ अशी शेपटी असते. हे रूप म्हणजे कुलूप लावलेला पेटारा. यात प्रमाणपत्र, वरची साखळी आणि गुप्त किल्ली अशा तिन्ही वस्तू एकत्र ठेवतात आणि त्यास परवलीच्या शब्दाचे, म्हणजे पासवर्डचे, कुलूप घालतात. जावा भाषेतील कार्यक्रमांचा ‘जे. के. एस.’ नावाचा निराळा पेटारा होता. परंतु २०१७ साली आलेल्या जावाच्या नवव्या आवृत्तीपासून तेथेही ‘पी. के. सी. एस. १२’ हाच पेटारा रूढ झाला.

इतकी रूपे हवीत कशाला? प्रत्येक यंत्रणेची मागणी निराळी म्हणून. एखाद्या शाळेचे संकेतस्थळ विंडोज संगणकावरून लिनक्स संगणकावर हलवावयाचे आहे असे समजा. विंडोज ‘पी. एफ. एक्स.’ पेटारा देईल. लिनक्सवरील ‘अपाची’ किंवा ‘एन्जिनएक्स’ हे संकेतस्थळ चालविणारे कार्यक्रम मात्र प्रमाणपत्र आणि किल्ली ‘पी. ई. एम.’ रूपात मागतील. मग पेटारा उघडून आतील वस्तू वेगळ्या काढाव्या लागतात. हे काम ‘ओपन-एस-एस-एल’ नावाचे साधन करते. ते १९९८ पासून सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहे.

या कामात नवशिक्या माणसाकडून जो पहिला गोंधळ होतो तो नावाचा. फाइलीची शेपटी पुसून दुसरी लिहिली म्हणजे रूपांतर झाले, अशी त्याची समजूत असते. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण येथे शोभते. ‘सी. ई. आर.’ किंवा ‘सी. आर. टी.’ अशी शेपटी असलेल्या फाइलीत ‘डी. ई. आर.’ही असू शकते आणि ‘पी. ई. एम.’ही. म्हणून नावावर न जाता फाइल उघडून पाहावी. पहिल्या ओळीत ‘बिगिन सर्टिफिकेट’ दिसले तर ते ‘पी. ई. एम.’ रूपातील प्रमाणपत्र. त्याच जागी ‘प्रायव्हेट की’ हे शब्द दिसले तर आपल्या हाती गुप्त किल्ली आहे आणि ती फाइल कोणालाही दाखविण्याजोगी नाही. चिन्हांचा नुसता कालवा दिसला तर ते ‘डी. ई. आर.’ असावे, किंवा कुलूपबंद पेटारा तरी.

दुसरा प्रश्न पडताळ्याचा. रूपांतरात काही बिघडले नाही हे कसे ओळखावे? त्यास सोपा उपाय आहे. प्रमाणपत्राचाही ठसा काढता येतो आणि तो नेहमी मूळ ‘डी. ई. आर.’ रूपावरूनच काढतात. म्हणून रूपांतरापूर्वीचा ठसा आणि नंतरचा ठसा शेजारी ठेवून पाहावेत. ते जुळले तर प्रमाणपत्र तेच. एका अक्षराने चुकले तरी ते दुसरेच. यासोबत मुदतही पाहावी. रूप बदलल्याने आयुष्य वाढत नाही. मुदत संपलेले प्रमाणपत्र कोणत्याही लिपीत मुदतबाह्यच राहते. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची मुदत टप्प्याटप्प्याने कमी करून १५ मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवसांवर आणावी, असे २०२५ साली ठरले आहे. अर्थात हे काम यापुढे वरचेवर करावे लागेल.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रूपांतर करताना वा फाइल बाहेर काढताना, म्हणजे ‘एक्स्पोर्ट’ करताना, विंडोज आपल्याला विचारते, ‘गुप्त किल्लीही सोबत काढू काय?’ पुष्कळ जण न वाचताच होकार देतात. वस्तुतः येथेच थांबून विचार केला पाहिजे. प्रमाणपत्र साऱ्या जगाला दाखविण्यासाठी असते. गावच्या चावडीवर लावले तरी त्यात नुकसान नाही. किल्ली मात्र ज्याच्या हाती गेली त्याच्या हाती आपली सही गेली. दुसऱ्याने माझी स्वाक्षरी पडताळावी एवढाच हेतू असेल तर उत्तर ‘नाही’ असावे. तीच यंत्रणा मी स्वतः दुसऱ्या संगणकावर नेत असेन तरच ‘होय’ म्हणावे. कायद्याचे बेचाळिसावे कलमही हेच सांगते. गुप्त किल्ली स्वतःच्या ताब्यात राखण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यावी आणि ती फुटली तर देणाऱ्या संस्थेस विलंब न लावता कळवावे, असे त्यात म्हटले आहे. त्यावर ती संस्था प्रमाणपत्र रद्द करते.

किल्ली वाटेत उघडी पडली तर काय होते याचे मोठे उदाहरण २०१८ सालचे आहे. इंग्लंडातील ‘ट्रस्टिको’ या प्रमाणपत्रे विकणाऱ्या संस्थेने आपल्या ग्राहकांच्या सुमारे २३,००० गुप्त किल्ल्या ‘डिजिसर्ट’ या अमेरिकन संस्थेकडे ई-पत्राने पाठविल्या. प्रमाणपत्रांत कोणतेही वैगुण्य नव्हते. त्यांची स्वाक्षरी खरी होती, मुदतही उरली होती. तरीही किल्ल्या मालकांखेरीज इतरांच्या हाती आणि साध्या टपालाच्या वाटेवर आल्या, या एकाच कारणास्तव ती सर्व प्रमाणपत्रे एका दिवसाच्या अवधीत रद्द करावी लागली. मालकांना नव्याने धावपळ करावी लागली ती वेगळीच.

हा धोका ओळखूनच आपल्या देशात व्यक्तींच्या स्वाक्षरीची किल्ली लहानशा यूएसबी टोकनात ठेवण्याचा नियम आहे. किल्ली त्या टोकनाच्या पोटातच जन्मते आणि तेथून बाहेर काढता येत नाही. मजकुराचा ठसा आत जातो, स्वाक्षरी बाहेर येते. किल्ली जागची हलत नाही. ‘माझ्या प्रमाणपत्राची पी. एफ. एक्स. फाइल का निघत नाही’ असे टोकन बाळगणारे कित्येक जण विचारतात. तो यंत्राचा दोष नाही, ती राखण आहे. तथापि टोकन आणि त्याचा परवलीचा शब्द दोन्ही दुसऱ्याच्या हवाली करून ‘तूच सही कर’ असे सांगणाऱ्या माणसापुढे ही राखणही हतबल होते. कोऱ्या कागदावर अंगठा देण्यासारखाच तो प्रकार आहे. आणि तशा अंगठ्यांनी किती जमिनी गेल्या हे आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

जेथे पेटारा करणे भागच असते तेथे चार नियम पाळावेत. परवलीचा शब्द लांब आणि तर्काने न ओळखता येणारा असावा. पेटारा आणि परवलीचा शब्द एकाच वाटेने कधीही पाठवू नयेत. रूपांतर आपल्याच संगणकावर करावे. ‘तुमची फाइल येथे चढवा, आम्ही बदलून देतो’ असे म्हणणाऱ्या परक्या संकेतस्थळावर किल्लीसह पेटारा चढविणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. आणि काम झाल्यावर मधल्या वाटेत तयार झालेल्या किल्लीच्या प्रती आठवणीने पुसून टाकाव्यात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या पेटाऱ्यांतील पुष्कळांना अवघ्या ४० बिटांचे दुबळे कुलूप असे. ‘ओपन-एस-एस-एल’ची २०२१ साली निघालेली तिसरी आवृत्ती असे कुलूप आपणहून उघडत नाही, त्यामुळे फाइल बिघडली असा भ्रम होतो. तेव्हा जुन्या रीतीस मुभा देऊन पेटारा एकदा उघडावा आणि नव्या मजबूत कुलपाने पुन्हा बांधावा.

आता ज्यांना पेटारे बांधावयाचे नाहीत, ज्यांना केवळ मुलामुलींचे दाखले सांभाळावयाचे आहेत, त्या पालकांसाठी दोन शब्द. ‘पी. ई. एम.’ आणि ‘डी. ई. आर.’ यांतील रूपांतराने सत्य टिकते हे आपण पाहिले. परंतु प्रत्येक रूपांतर असे निरुपद्रवी नसते. डिजिटल स्वाक्षरीचा दाखला पी. डी. एफ. फाइलीत असतो आणि ती स्वाक्षरी त्या फाइलीच्या पोटात असते. त्या दाखल्याचे मोबाइलवर छायाचित्र काढले, किंवा कागदावर छापून तो पुन्हा स्कॅन केला, तर डोळ्यांना दाखला तसाच दिसतो, पण स्वाक्षरी नाहीशी झालेली असते. उरते ती केवळ तिची आकृती. म्हणून केंद्रातून मिळालेली मूळ फाइल जपून ठेवावी, तिच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि कोणी मागितल्यास ती फाइलच द्यावी. छापील प्रत दिली तर घेणाऱ्याने तीवरील क्रमांकावरून शासकीय संकेतस्थळावर पडताळा घ्यावा.

कधी कधी दाखला उघडल्यावर स्वाक्षरीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते आणि घरातील मंडळी घाबरतात. दाखला खोटा आहे असा त्याचा अर्थ नव्हे. फाइल दाखविणाऱ्या कार्यक्रमापाशी भारताच्या मूळ अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे त्याची साखळी वर पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. नियंत्रकाच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते मूळ प्रमाणपत्र घेऊन, ठसा ताडून, विश्वासू यादीत घातले की प्रश्नचिन्ह जाते. परंतु ‘स्वाक्षरीनंतर मजकूर बदलला आहे’ अशा आशयाची सूचना आली तर मात्र तो दाखला स्वीकारू नये. कोणीतरी मोर्तबाखाली ओळ घुसडली आहे, असेच समजावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या कचेऱ्यांत, बँकांत, संगणकाच्या कारखान्यांत काम कराल. साधने बदलतील, आज सांगितलेल्या रूपांची नावेही कदाचित जुनी होतील. तेव्हाही कोणतेही प्रमाणपत्र हलविण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्या. ठसा तोच राहिला काय, आणि सोबत किल्ली तर निघाली नाही ना? पहिल्याचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर खुशाल पुढे जा. कामासाठी किल्ली सोबत न्यावीच लागली तर तिला कुलपात घालून, आपल्या डोळ्यांसमोरच न्या. एवढे जरी वाचकांच्या ध्यानी राहिले तरी आमच्या या अल्पशा प्रयत्नाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.